पागनीस समाचाराला येतात

इंदूरच्या मराठी मंडळींत कुणी आजारी पडलं, तर त्या आजाराला खरा मान मिळायचा तो लक्ष्मीकांत पागनीस येऊन गेल्यावर. डॉक्टर काय, तपासतात, गोळ्या लिहून देतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. पण पागनीस आले, पलंगाच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसले, पांघरुणावरूनच रोग्याचा तळपाय दोनदा दाबला आणि "बोला, काय म्हणते तब्येत?" असं विचारलं, की घरच्यांनाही पटायचं की हो, आपल्याकडे खरोखरच काहीतरी झालेलं आहे. ते आले नाहीत तर लोक रुसायचे. एका गृहस्थांनी तर आपल्या मूळव्याधीच्या ऑपरेशनला पागनीस फिरकले नाहीत म्हणून पुढे पागनीसांच्या मुलीच्या लग्नाला जाणं टाळलं, आणि वर सगळ्या गावाला कारणही सांगितलं. आता मूळव्याधीच्या समाचाराला जाऊन माणसानं बघायचं तरी काय? पण नाही. मान म्हणजे मान.

पागनीस विद्युत मंडळातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, उन्हाळा-हिवाळा पांढरा झब्बा आणि स्कूटरच्या हुकाला मोसंब्यांची पिशवी. होळकरांच्या काळात आपले पणजोबा आजारी सरदारांच्या घरी जाऊन 'सरकारांनी तब्येत विचारली आहे' असा निरोप पोहोचवायचे, असं ते सांगत. म्हणजे हे काम रक्तातलंच. खरंखोटं त्या पणजोबांना ठाऊक, पण एवढ्या आवडीनं पगारी नोकरीही कुणी केली नसेल हे मात्र खरं. इंदुरात एक नवीन हॉस्पिटल उघडलं की लोक तिथले डॉक्टर कसे आहेत ते विचारायचे; पागनीस स्कूटर कुठं लावायची ते बघून यायचे.

मग एवढा भला माणूस, आणि तरी ते जिना चढताना दिसले की रोग्याच्या पोटात गोळा का यायचा? तर त्यांच्या गोष्टींमुळे. तळपाय दाबून झाला की पागनीस म्हणायचे, "असंच त्या टेंब्यांना झालं होतं." हेतू चांगला हो. रोग्याला वाटावं, आपण काही जगावेगळे नाही, हे अनेकांना होतं. पण पागनीसांच्या दोन अडचणी होत्या. एक म्हणजे त्यांची स्मरणशक्ती फार चांगली, आणि दुसरी म्हणजे त्यांना खोटं बोलता यायचं नाही. टेंबे गोष्टीच्या सुरुवातीला मजेत असायचे, कचोरी खाऊन स्वतःच्या पायांनी हॉस्पिटलात जायचे. मधे कुठेतरी ते आयसीयूत जायचे. आणि मग गाडी कुठल्या स्टेशनाला निघाली आहे हे स्वतः पागनीसांच्याच लक्षात यायचं. ते जीभ चावायचे आणि म्हणायचे, "पण त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना शुगर होती." पलंगावरच्या माणसालाही शुगर असायचीच. इंदुरात कुणाला नसते?

अप्पासाहेबांचंच बघा ना. ऐंशीला आलेले, मराठी समाजातले सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्या हर्नियाच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पागनीस गेले आणि भूल दिल्यावर परत जागाच न झालेल्या एका माणसाची गोष्ट त्यांनी अगदी प्रेमानं, बारकाव्यांसकट सांगितली. दुसऱ्या दिवशी स्ट्रेचर आणायला वॉर्डबॉय गेला तर पलंग रिकामा. अप्पासाहेब हॉस्पिटलच्या मागून बांधायच्या गाऊनमध्ये रिक्षा करून राजवाड्यापर्यंत पोहोचले होते. तो हर्निया त्यांनी पुढे पट्टा बांधून सांभाळला, पण ऑपरेशनचं नाव काढलं नाही.

पागनीसांबरोबर समाचाराला त्यांच्या पत्नी इंदिराबाई जायच्या. शिशुवर्गाला शिकवण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलणं कमी आणि लक्ष चौफेर. त्यांचं काम एकच. टेंबे आयसीयूच्या दारापाशी पोहोचले की त्या खोकायच्या. जोरात नाही, पण पागनीसांना कळेल असा. या खोकल्यानं इंदुरातले किती जीव वाचले असतील त्याचा हिशोब नाही.

आणि एका सकाळी पोह्यांना फोडणी देताना त्याच इंदिराबाई "अहो" म्हणाल्या. रोजचं 'अहो' नव्हतं ते. पागनीस पेपर टाकून आत गेले तर त्या ओट्याला धरून खाली बसत होत्या. डोक्यात मागून कुणी वरवंटा घातल्यासारखं झालं, एवढंच त्यांना सांगता आलं. मग उलटी झाली आणि डोळे मिटले. पागनीसांनी विजय नगरला राहणाऱ्या मुलीला, शर्वरीला, फोन लावला. तिचा नवरा अंकुर गाडी घेऊन आला आणि तासाभरात इंदिराबाई एका मोठ्या हॉस्पिटलात, मेंदूच्या फोटोच्या मशीनखाली होत्या. मेंदूतली एक शीर फुग्यासारखी फुगून फुटली होती. डोक्यात रक्त सांडलं होतं. शीर पुन्हा फुटायच्या आत तिला चिमटा लावून ती बंद करायची, म्हणजे डोक्याचं ऑपरेशन.

ऑपरेशनला नेलं आणि थोड्याच वेळात भूल देणाऱ्या डॉक्टर पूर्वा बाहेर आल्या. एवढ्या लवकर कुणी बाहेर येत नाही, हे पागनीसांना इतरांच्या आजारांवरून पक्कं ठाऊक होतं. ते उठून उभे राहिले. डॉक्टरीणबाई तरुण, बोलणं हिंदी, पण मराठी सगळं समजायचं. त्यांनी शांतपणे सांगितलं की काका, ऑपरेशन थांबवलं आहे. भूल द्यायला लागलो आणि काकूंचं हृदयच बसलं. डोक्यात रक्त सांडलं तेव्हा शरीराला एवढा धक्का बसला, की माणूस घाबरल्यावर रक्तात जे उतरतं ते सगळं एकदम उतरलं, आणि हृदय त्यानं भांबावून गेलं. हा नेहमीचा हार्ट अटॅक नव्हे, शिरांमध्ये कुठं अडथळा नाही. पण हृदयाचा खालचा भाग लोटीसारखा फुगून राहिला आहे, आकसतच नाही. बहुतेकदा हे थोड्या दिवसांत आपलं आपण ठीक होतं. तेवढं ठीक झालं की पुन्हा भूल देऊ.

आणि तोवर?

तोवर ती फुटलेली शीर तशीच राहणार, डॉक्टर म्हणाल्या. काकू घाबरल्या, चिडल्या, दचकल्या, बीपी चढलं, तर ती पुन्हा फुटू शकते. आणि हृदयही आता दुसरा धक्का घेणार नाही. म्हणून खोलीत अंधार, आवाज नाही, भेटायला कुणी नाही. घरचं एक माणूस पास घेऊन बसेल, तेही गप्प. मग त्यांनी विचारलं की घरात काही टेन्शन वगैरे?

"बिलकुल नाही, डॉक्टर," पागनीस म्हणाले. "मी असतो ना घरी."

शर्वरी खिडकीबाहेर बघायला लागली.

भेटायला कुणी नाही, हे ऐकून पागनीसांनी मान डोलावली खरी, पण त्यांचे धाबे दणाणले होते. कारण पुढं काय होणार ते त्यांना डॉक्टरीणबाईंपेक्षा चांगलं ठाऊक होतं. या शहरात ज्याच्या ज्याच्या तळपायाला त्यांनी हात लावला होता, तो प्रत्येक जण आता येणार होता. पागनीसांकडे कधी कुणी आजारीच पडलं नव्हतं. लोकांच्या मनात हे कधीचं साचून राहिलेलं. इतक्या वर्षांत पहिली संधी. आणि समाचाराला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं, हे तर पागनीसांच्या घराण्यात कुणी स्वप्नातही केलं नसेल.

सगळ्यांत आधी अप्पासाहेबच आले. काठी टेकत, हर्नियाचा पट्टा सावरत, हातात मोसंब्यांची पिशवी. खोलीत सोडत नाहीत म्हटल्यावर ते बाहेरच्या बाकावर पागनीसांशेजारी बसले आणि त्यांचा गुडघा दोनदा दाबला. मग म्हणाले, "असंच आमच्या श्रीहरीला झालं होतं."

श्रीहरी म्हणजे त्यांचा ग्वाल्हेरचा चुलतभाऊ. त्यालाही डोक्यात असाच रक्तस्राव. ऑपरेशन अगदी बढिया झालं. डोळे उघडले, सगळ्यांना ओळखलं, चहा मागितला. एवढं सांगून अप्पासाहेब पाणी पिण्यासाठी थांबले. पागनीसांनी विचारलं, मग? मग चहा दिला, अप्पासाहेब म्हणाले. मग? तर अप्पासाहेब जरा घुटमळले, बाटलीचं झाकण लावत बसले, आणि म्हणाले की जाऊ दे, त्याची गोष्ट वेगळी, त्याला बीपी होतं.

इंदिराबाईंना बीपी होतं.

हे काही सूड म्हणून नव्हे हं. माणूस प्रेमानंच आला होता, आणि समाचार कसा करायचा असतो हे तो पागनीसांकडूनच शिकला होता. पण पागनीसांच्या तळहाताला घाम सुटला, कानात ठोके ऐकू यायला लागले, आणि त्या चहानंतर श्रीहरीचं काय झालं असेल या एका प्रश्नानं त्यांचा जीव टांगणीला लागला. एका नर्सला त्यांचा चेहरा बघून शंका आली आणि तिनं त्यांनाच झोपवून कार्डिओग्राम काढला. तो ठणठणीत निघाला. पागनीस उठून झब्ब्याची बटणं लावत होते तेव्हा त्यांना एकामागून एक चेहरे आठवायला लागले. त्यांच्या गोष्टी ऐकताना पांघरूण हळूहळू हनुवटीपर्यंत ओढून घेणारे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, त्या लोकांना थंडी वाजते.

दुपारपर्यंत जिन्यात रांग लागली. कुणी खजराण्याच्या गणपतीचा प्रसाद आणलेला, कुणी अंगारा, कुणी नारळपाणी. सिक्युरिटीवाला सगळ्यांना भिया-भिया, म्हणजे भाऊ-भाऊ, करत दमला. शर्वरी वैतागून म्हणाली, "बाबा, यांना घरी पाठवा ना यार, आईला आवाज जातोय." पाठवायचं म्हणजे अपमान. न पाठवावं तर आत धोका. पागनीसांनी डोकं खाजवलं आणि त्यांना एक तोड सुचली. हॉस्पिटलच्या आवारात, पार्किंगच्या कडेला, मारुतीचं छोटं मंदिर होतं, पुढं पत्र्याची शेड. पुजाऱ्याकडून त्यांनी सतरंजी मागून घेतली, शेडमध्ये अंथरली, आणि समाचाराची सगळी मंडळी तिकडे वळवली. इथं बसा, इंदिरेसाठी दोन मिनिटं देवाचं नाव घ्या, मला भेटा आणि निघा. कुणाचा मान गेला नाही आणि खोलीत शांतता राहिली. स्वतःच्या हुशारीवर पागनीस खूश झाले.

आता हे दृश्य जरा डोळ्यांपुढं आणा. मे महिना, त्यामुळे सगळे पुरुष पांढऱ्या झब्ब्यात, बायका फिक्या साड्यांत. सतरंजीवर खाली माना घालून बसलेले. मधोमध पागनीस, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माणूस येतो, चपला बाहेर काढतो, हात जोडतो, पाच मिनिटं काही न बोलता बसतो, पुन्हा हात जोडतो आणि उठतो. इंदुरात कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी तासभर मंडळी अशीच जमतात. त्याला इथं उठावना म्हणतात. पेपरात रोज त्याच्या जाहिराती असतात, आणि इंदूरच्या माणसाच्या अंगात तो इतका मुरलेला आहे की चार पांढरे झब्बे खाली बसलेले दिसले की त्याचे हात आपोआप जुळतात. रस्त्यानं जाणारेही थांबून हात जोडून जात होते. पागनीसांना वाटलं, मारुतीला जोडतायत.

आणि अशा वेळी देपालपुरहून शरददादा आले.

शरददादा म्हणजे इंदिराबाईंचे थोरले भाऊ. धान्याचे व्यापारी, अंगानं धिप्पाड, मनानं लोणी. शर्वरीनं मामाला फोनवर एवढंच सांगितलं होतं की आईला जरा बरं नाही, टेन्शन घेऊ नका, जमलं तर येऊन जा. थोरल्या माणसाला फोनवर खरं सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. पण ती रीत शरददादांनाही ठाऊक होती ना. टेन्शन घेऊ नका असा फोन आला म्हणजे सगळं संपलेलं असतं, हे त्यांच्या पिढीला न सांगता कळतं. देपालपुरपासून इंदूरपर्यंत त्यांनी स्वतःची समजूत घातली, आणि गेटातून आत शिरल्यावर शेडमधली सतरंजी बघितली.

ते कुणाशी काही बोलले नाहीत. अशा ठिकाणी विचारायचं नसतं. चपला काढल्या, हात जोडले, बसले. पागनीसांनी मेहुण्याला बघितलं आणि इतका वेळ आवरलेले त्यांचे डोळे भरून आले. "दादा, आता सगळं देवाच्या हातात," ते म्हणाले. शरददादांच्या मनात उरलीसुरली जी काही आशा होती ती तिथं संपली. त्यांनी विचारलं, "एकदा तोंड बघायला मिळेल का?"

नियम म्हणजे नियम, पण सख्खा थोरला भाऊ. पागनीसांनी गळ्यातला पास काढून त्यांच्या हातात दिला. दोनच मिनिटं, बोलायचं नाही, रडायचं नाही, असं बजावलं. शरददादांनी मान हलवली. पण ते सरळ वर गेले नाहीत. आधी बाजारात गेले. सवाष्ण बाई गेली तर तिला शेवटची साडी माहेरची लागते, आणि ती आणायची जबाबदारी भावाची. त्यांनी चांगल्यापैकी हिरवी साडी घेतली, नारळ घेतला, हळदकुंकू, मोगऱ्याचा गजरा. परत येताना पागनीसांनी पिशवीतून डोकावणारी ती साडी पाहिलीसुद्धा. आजारी बहिणीला भेटायलाही दादा रिकाम्या हातानं जात नाहीत, माहेर ते माहेर, असं त्यांना वाटलं आणि पुन्हा गहिवरून आलं.

वर खोलीत अंधार होता. इंदिराबाईंना जरा डोळा लागलेला. शरददादांना डोळ्यांतल्या पाण्यामुळे ना मशीन दिसलं ना त्यावरची हिरवी रेघ. त्यांनी साडी बहिणीच्या पायावर ठेवली, नारळ ठेवला, गजरा उशीशी ठेवला, आणि तिच्या कपाळाला कुंकू लावलं.

इंदिराबाईंनी डोळे उघडले. समोर हिरवी साडी, नारळ, मोगरा आणि हुंदके देणारा भाऊ. मराठी बाईला याचा अर्थ कुणी समजावून द्यावा लागत नाही.

"दादा," त्यांनी हळूच विचारलं, "मी गेले का?"

शरददादांनी जी आरोळी ठोकली ती खाली मारुतीपर्यंत ऐकू आली. ते मागं सरकताना स्टुलावर बसले, स्टूल उलटलं, नारळ गडगडत दाराबाहेर गेला आणि मशीन बोंबलायला लागलं. नर्स धावल्या, डॉक्टर पूर्वा धावल्या. पागनीस जिने चढून येईतो दार बंद झालेलं होतं. आत काय चाललं आहे ते कुणी सांगेना. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले होते आणि बीपी चढलं होतं. ती शीर फुटते की राहते, हे कुणाच्याच हातात नव्हतं. पागनीस दाराला पाठ लावून उभे होते. शर्वरी रडत होती. शरददादा जमिनीवर बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते आणि अंकुर त्यांचा हात धरत होता.

संध्याकाळ व्हायच्या आत ठोके ताळ्यावर आले. डॉक्टर बाहेर आल्या त्या मात्र लालबुंद होऊन. त्यांनी आवाज चढवला नाही, पण जे बोलल्या ते पागनीसांना आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी शांतता मागितली आणि तुम्ही खाली मेळा भरवला. यापुढं तुम्ही खोलीत यायचं नाही, काका. मुलगी बसेल. अख्ख्या इंदूरच्या पलंगांशी बसून आलेल्या माणसाला स्वतःच्या बायकोच्या खोलीत जायची बंदी झाली. आणि चूक त्यांचीच होती.

ते खाली गेले. शेडमध्ये अजून मंडळी होती. पागनीस सतरंजीच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही आलात, ते मला पोहोचलं. आता घरी जा. मी कळवीन तोवर कुणी येऊ नका."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. अप्पासाहेब काठीवर भार देऊन उठले. त्यांना लागलेलं दिसत होतं. "तुमच्या गोष्टीपायी मी गाऊन घालून रिक्षानं पळालो," ते म्हणाले. "तरी तुम्हाला येऊ नका असं कधी म्हटलं नाही."

"म्हणायला हवं होतं, अप्पासाहेब," पागनीस म्हणाले. "माझं चुकत होतं."

अप्पासाहेबांनी मोसंब्यांची पिशवी सतरंजीवर ठेवली आणि बाकीच्यांना घेऊन ते निघून गेले.

पुढचे दिवस पागनीस खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहिले. शेजारी शरददादा. त्यांच्या मांडीवर ती हिरवी साडी. ती ना दुकानात परत नेता येत होती, ना घरी, ना टाकून देता येत होती. शेवटी आतून इंदिराबाईंचाच निरोप आला की दादाला म्हणावं साडी इकडे दे, रंग चांगला आहे, दिवाळीला नेसेन. शरददादा त्यावर हसले की रडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शेजारच्या बाकांवर इतर रोग्यांचे नातेवाईक बसत, कोणाला काय झालं आहे ते बोलत. एरवी पागनीसांनी मिनिटात तिथं खुर्ची ओढली असती. आता कुणी त्यांच्याकडे वळून काही सांगायला लागलं की ते ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आणि टेंबे, श्रीहरी, कुणाचंच नाव त्यांच्या तोंडी यायचं नाही.

मग एका सकाळी हृदयाची तपासणी झाली आणि डॉक्टर पूर्वांनी सांगितलं की हृदय पुष्कळसं पूर्ववत झालं आहे. काकू चिवट आहेत. आता थांबण्यात अर्थ नाही, आज भूल देते. एवढं सांगून त्या आत गेल्या आणि पागनीसांनी भिंतीकडे तोंड करून नाक पुसलं.

पण ऑपरेशनच्या खोलीबाहेर स्ट्रेचरवर इंदिराबाईंना आणलं आणि मशीनवरचा आकडा चढायला लागला. औषध दिलं तरी खाली येईना. मागच्या वेळी याच दारातून आत गेल्यावर काय झालं होतं ते त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाल्या की अशा अवस्थेत भूल द्यायची माझी इच्छा नाही, आणि थांबायचीही नाही. काय हवं आहे काकू, सांगा. इंदिराबाई म्हणाल्या, यांना बोलवा.

डॉक्टरांना ते मुळीच पटलं नव्हतं. त्यांनी दार अर्धवट उघडून पागनीसांना आत घेतलं आणि बजावलं, "काका, दो मिनट. और कोई कहानी नहीं."

पागनीस स्ट्रेचरजवळ जाऊन उभे राहिले. इंदिराबाईंचे केस टोपीखाली, चेहरा एवढासा झालेला. हात कुठं ठेवावेत ते पागनीसांना कळेना.

"अहो, मला भीती वाटतेय," त्या म्हणाल्या.

घाबरू नकोस. काही होत नाही. हे शब्द पागनीसांच्या जिभेवर तयारच असायचे. निम्म्या शहराला त्यांनी ते वाटले होते. आताही ते आले आणि घशात अडकले. इतक्या वर्षांत याचा कुणाला काडीचा उपयोग झाला असेल असं त्यांना वाटेना. त्यांनी दाराकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि मग त्यांच्याच्यानं राहवलं नाही.

"मलाही," ते म्हणाले. "फार भीती वाटतेय, इंदिरे. घरी जातो तर स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नाही. तू नसलीस तर मी काय करायचं, माझ्या काही डोक्यातच येत नाही."

बोलता बोलता त्यांचा बांध फुटला. डॉक्टर पूर्वा पुढं झाल्या, आता यांना बाहेर काढावं म्हणून. आणि मशीनकडे बघून थांबल्या.

इंदिराबाई नवऱ्याकडे बघत होत्या. "हे कधी बोलला नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"कसं बोलणार. मी धीर द्यायला जायचो ना."

"मग बरं झालं बोललात. मला वाटत होतं, मी एकटीच भित्री निघाले."

आकडा उतरत होता. हळूहळू, पण उतरत होता. डॉक्टरांनी नर्सला खूण केली, स्ट्रेचर आत गेलं आणि दार लागलं.

नंतरचा वेळ कसा गेला ते पागनीसांना आठवत नाही. शरददादा शेजारी होते, एवढं आठवतं. दोघं म्हातारे एकमेकांना खेटून बसले होते. उन्हं कलल्यावर डॉक्टर पूर्वा मास्क खाली ओढत आल्या. शिरेला चिमटा बसला होता. भूल देताना, ऑपरेशन चालू असताना, हृदय एकदाही डळमळलं नव्हतं. त्यांनी हे सांगितलं आणि पागनीसांना उठता येईना. शरददादांनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत सोडलं. डोक्याला पट्टी, घशात नळी घातल्यामुळे आवाज बसलेला. इंदिराबाईंनी डोळे उघडून त्यांना ओळखलं, आणि विचारलं, "अजून भीती वाटते?"

पागनीसांना खोटं बोलता यायचं नाही. "वाटते," ते म्हणाले.

"मग हात धरा माझा."

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण चार माणसांत त्यांनी बायकोचा हात कधी धरला नव्हता. इकडेतिकडे सगळे पलंग, नर्स, डॉक्टर, कुणाचे कुणाचे नातेवाईक. पागनीसांनी हात धरला. नर्स दोनदा येऊन वेळ संपली म्हणून बोलून गेली. त्यांनी सोडला नाही.